बर्फ कुठे पडलाय ते नंतर, आधी थंडी कुणाला वाजतेय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की थंडीच्या दिवसांत वाचायला थंडी-बर्फातल्याच कादंबऱ्या हव्यात, पण निवडायच्या कशा. विचारणाऱ्याने गेल्या वर्षी दोन घेतल्या होत्या, एकीच्या कव्हरवर बर्फात बुडालेलं घर आणि खिडकीत पिवळा दिवा, दुसरी जाडजूड रशियन, आणि दोन्ही अर्धवट पडल्यात. बर्फ आयुष्यात कधी बघितलेला नाही आणि रात्री झोपायच्या आधी तासभरच वेळ मिळतो असंही सांगितलंय.

मी 22 वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर बसतेय, त्यातली निम्मी वर्षं एक वाचनगटही चालवतेय, त्यामुळे गारठा पडला की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. अनुभवाने एक गोष्ट कळलीय ती आधीच सांगून टाकते. लोक विचारतात "बर्फातली कादंबरी आहे का", म्हणजे बर्फ कुठे पडतो ते विचारतात. विचारायला पाहिजे ते हे की त्या पुस्तकात थंडी कुणाला वाजतेय. जिथे थंडी कुणालाच वाजत नाही, नुसतीच बाहेर छान दिसत राहते, ते पुस्तक तुम्ही साठाव्या पानावर सोडणार, लिहून ठेवा.

पारखायची युक्ती सोपी आहे. पुस्तक हातात घ्या, मधलं कुठलंही पान उघडा आणि त्या पानावर हात-पाय शोधा. बोटं, बूट, हातमोजे, तोंडातून निघणारी वाफ, दाराची फट, सरपण, यातलं काहीतरी दोन-चार पानांत सापडलं पाहिजे. खरा गारठा शरीरात आणि घरातल्या कामात दिसतो. आणि जर तिथे "सर्वत्र बर्फाची पांढरीशुभ्र चादर पसरली होती" असं वाक्य सापडलं तर पुस्तक गुपचूप परत ठेवा. ती चादर मी इतक्या पुस्तकांत पाहिलीय की आता धुवायला टाकावीशी वाटते.

लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'द लाँग विंटर' (1940) घ्या, मुलांसाठी लिहिलेलं आहे म्हणून मोठी माणसं हात लावत नाहीत. अमेरिकेतल्या डाकोटा प्रदेशातला 1880-81 चा हिवाळा, तो खरोखरच भयंकर गेला होता, वादळं ऑक्टोबरातच सुरू झाली, पुढे रुळांवर इतका बर्फ साचला की गावात येणारी रेल्वेच बंद पडली आणि रेल्वे बंद म्हणजे कोळसा बंद, रॉकेल बंद, पीठ बंद. मग हे कुटुंब वाळलेल्या गवताला पीळ घालून घालून त्याच्या काड्या करतं आणि त्या चुलीत घालतं, त्या गवताने हात कापतात, आणि गहू कॉफी दळायच्या छोट्याशा यंत्रात दळतात, पाळीपाळीने, दिवसभर, कारण त्यातून एका वेळी मूठभरच पीठ निघतं. आणि एक प्रसंग आहे, बाप संध्याकाळी फिडल वाजवायला घेतो, ज्या घरात रोज गाणं असायचं तिथे, आणि त्याची बोटं इतकी सुजलीत, ताठरलीत की सूर लागत नाही. तो फिडल पेटीत ठेवून देतो. बस एवढंच. मला त्या एका प्रसंगाने जी हुडहुडी भरली ती दहा पानांच्या वादळाच्या वर्णनाने भरली नव्हती. याला मी बोटांची टेस्ट म्हणते.

आता तुम्ही बर्फ बघितलेला नाही म्हणता, तर उलट माझ्या मते तुमच्यासाठी निवड सोपी आहे. अशी कादंबरी घ्या ज्यात मुख्य माणूस त्या थंडीला बाहेरचा आहे. जो तिथेच जन्मला त्याला बर्फाचं काही वाटत नसतं, तो सांगत बसत नाही, तुम्हाला मात्र काय चाललंय ते कळत नाही. बाहेरून आलेला माणूस सगळं बघतो, चुकतो, घसरतो, मूर्खासारखे प्रश्न विचारतो, म्हणजे तुमच्या वाटचं सगळं तोच करतो. गंमत म्हणजे थंडीतल्या गाजलेल्या कादंबऱ्या बघितल्या तर त्यातल्या बऱ्याच अशाच निघतात.

ओरहान पामुकची 'स्नो' (मूळ तुर्की 2002 ची). का नावाचा कवी 12 वर्षं फ्रँकफुर्टमध्ये काढून परत येतो आणि तुर्कस्तानच्या पार पूर्वेकडच्या कार्स गावात पोहोचतो, अंगात जर्मनीत घेतलेला भारी ओव्हरकोट, तो कोटच त्याला त्या गावात परका ठरवतो. तुर्कीत कार म्हणजे बर्फ, तो का, गाव कार्स, हा शब्दांचा खेळ भाषांतरात हरवतो म्हणून आधीच सांगतेय. बर्फाने रस्ते बंद होतात, गाव जगापासून तुटतं आणि तेवढ्या वेळात तिथे नाटकाच्या स्टेजवरून चक्क लष्करी उठाव होतो. कवितांचा झरा आटलेल्या या माणसाला त्या गावात 19 कविता सुचतात आणि तो त्या बर्फाच्या कणाच्या आकृतीवर मांडतो. पण सावध करते, हे राजकीय पुस्तक आहे, सुरुवात धिमी आहे, पांघरुणात शिरून बरं वाटावं म्हणून घेणार असाल तर नका घेऊ.

हिंदी वाचता येत असेल तर निर्मल वर्मांची 'वे दिन' (1964) डोळे मिटून घ्या. प्राग शहर, नाताळच्या आसपासचे मोजके दिवस, एक भारतीय विद्यार्थी आणि ऑस्ट्रियाहून मुलाला घेऊन आलेली बाई, तिला शहर दाखवायचं काम याच्याकडे. घडत काही फारसं नाही. पण वर्मा स्वतः बरीच वर्षं प्रागमध्ये राहिलेले, तिथली संध्याकाळ, ओले रस्ते, आत-बाहेर करताना घालायचे-काढायचे कोट, हे सगळं इतकं बारीक आहे की वाचताना आवाज कमी झाल्यासारखं वाटतं. त्यांचीच 'लाल टीन की छत' (1974) पण आहे, डोंगरावरचं गाव, हिवाळ्यात रिकामं होणारं, आणि तिथे मागे राहिलेली वयात येणारी एक मुलगी. ती मात्र बाहेरची नाही, तिथलीच, म्हणून ही दुसऱ्या नंबरवर वाचा.

मराठीतलं काही सांगा म्हटलं की कोणीतरी 'रारंग ढांग' म्हणतंच. प्रभाकर पेंढारकरांचं ते पुस्तक मला अतिशय आवडतं, पण ती हिमालयातल्या रस्त्याची आणि कड्याची आणि माणसाच्या जिद्दीची कादंबरी आहे, थंडी तिथे सोबत आहे, मुख्य भूमिकेत नाही. वाचलं नसेल तर वाचाच, पण या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी ते देणार नाही.

बाहेरच्या माणसाचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे टोवे यान्सनचं 'मूमिनलँड मिडविंटर' (1957). मूमिन हे गोल नाकाचे प्राणी, नोव्हेंबर ते एप्रिल झोपून काढतात, पिढ्यान् पिढ्या कोणी हिवाळा बघितलेलाच नाही. आणि यातला मुलगा मध्येच जागा होतो, परत झोप येत नाही, घरातले सगळे झोपलेले, आईला हलवून बघतो तरी ती उठत नाही, दार उघडायला जातो तर बर्फाने गच्च अडकलेलं. मग तो बाहेर पडतो आणि त्याला कळतं की आपण झोपलेलो असतो तेव्हा आपल्याच घराच्या आसपास अनोळखी जीव राहतात. बर्फ कधी न बघितलेल्या माणसाने पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं तर हे, मुलांचं म्हणून लाजू नका, दोन-तीन रात्रीत संपतं.

आणि उर्सुला ले ग्विनचं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969). सायन्स फिक्शन म्हटलं की निम्मे लोक उठून जातात, थांबा जरा. गेथेन नावाचा ग्रह, इतका थंड की बाहेरून येणारे त्याला विंटरच म्हणतात. तिथे पृथ्वीवरून आलेला दूत गेन्ली आय आणि तिथलाच एस्त्रावेन, दोघं एक स्लेज ओढत हिमनदीचं पठार पार करतात, जवळजवळ 80 दिवस. त्या प्रवासात एक तंबू आहे आणि तंबूत किती ऊब ठेवायची यावर दोघांचं जमत नाही, एकाला जे बरं वाटतं ते दुसऱ्याला उकडतं. शेवटी मधलं काहीतरी ठरतं, म्हणजे एक कुडकुडतो आणि दुसऱ्याला घाम फुटतो, दोघंही तक्रार करत नाहीत. थंडी कुणाला वाजतेय हा माझा प्रश्न ज्याला पटला नसेल त्याने तेवढा भाग वाचावा. आणखी एक जागा आहे, आभाळ पांढरं, खाली बर्फ पांढरा, सूर्य दिसत नाही म्हणून सावलीच पडत नाही, आणि सावली नाही तर पुढे खड्डा आहे की भेग आहे हेच कळत नाही, चांगला धडधाकट माणूस पाऊल टाकायला घाबरून जागच्या जागी उभा राहतो. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग दरबारी राजकारणाचा आहे, जड जातो, माझ्या गटात दर वेळी तिघं-चौघं तिथे गळतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी तो सोसावा असं माझं मत.

आता उलटी बाजू. थंडी ज्याच्या अंगवळणी पडलीय अशा माणसाचं पुस्तक. याला लेखक जबरदस्त लागतो, कारण समजावून सांगायची सोय नसते. सोल्झेनित्सिनची 'इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस', 1962 साली छापली गेली, जानेवारी 1951 मधला लेबर कॅम्पातला एकच दिवस. उणे 27 च्या आसपास तापमान, आणि तिथला नियम असा की पारा उणे 41 ला गेला तरच कामाला सुट्टी, म्हणजे आजचा दिवस त्या मानाने बराच म्हणायचा. शुखोव, म्हणजे हाच इव्हान डेनिसोविच, विटांची भिंत बांधतोय. खालून आलेला मसाला वाफाळत असतो पण मिनिटात गोठतो, त्यामुळे वीट हातात घ्यायच्या आधीच ती कुठे आणि कशी बसणार हे डोळ्यांनी ठरलेलं पाहिजे, एकदा बसली की हलवायला वेळ नाही. आणि या धांदलीत तो माणूस चक्क खूश होतो, थंडी विसरतो, काम थांबवायची खूण झाली तरी उरलेला मसाला फुकट जाऊ नये म्हणून बांधत राहतो, आणि निघताना, उशीर झालाय, पहारेकरी ओरडतील, तरी मागे वळून भिंत सरळ आलीय का ते बघून येतो. थंडीवरचं एवढं गरम पान मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तुमची जाडी रशियन अर्धवट राहिली ना, मग ही घ्या, दीडेकशे पानांची आहे आणि रशियन हिवाळा पुरेपूर आहे. पाठोपाठ पुश्किनची 'कॅप्टन्स डॉटर' (1836) घ्या, ती त्याहून छोटी. तिच्यात बर्फाचं वादळ एकाच प्रकरणात आहे, पण त्या वादळात वाट दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला नायक आपला सशाच्या कातडीचा कोट देऊन टाकतो आणि पुढची सगळी कादंबरी त्या कोटावर चालते. बर्फ किती पानं आहे यावर काही अवलंबून नसतं ते नसतंच.

दारं बंद करणारी थंडी हा एक वेगळाच प्रकार. इथे थंडी वाजली नाही तरी चालते, बर्फाचं काम फक्त माणसांना एकत्र कोंडून ठेवायचं. अगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (1934) मध्ये गाडी युगोस्लाव्हियात बर्फात रुतते, ना पोलीस येऊ शकत ना खुनी जाऊ शकत. ही गाडी 1929 साली तुर्कस्तानात खरंच काही दिवस बर्फात अडकली होती, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही. एका सलग सुट्टीच्या दिवसात संपवायला उत्तम, पण बर्फ वाचायचाय म्हणून घ्याल तर हाती फारसं लागणार नाही, कारण डब्यात उबेचे हाल नाहीत. स्टीफन किंगचं 'द शायनिंग' (1977) यातलंच पण दुसऱ्या टोकाचं, हिवाळ्यात बंद राहणारं डोंगरातलं हॉटेल आणि देखरेखीला ठेवलेलं तिघांचं कुटुंब. किंग 1974 साली कोलोराडोतल्या अशाच एका हॉटेलात, ते सीझन संपून बंद व्हायच्या बेतात असताना राहिला होता, त्यातून हे निघालं. एकट्याने राहत असाल तर दिवसा वाचा, थट्टा नाही.

एक कबुली देते. वाचनगटात एकदा सगळे म्हणाले वर्षाअखेर आहे, काहीतरी हलकं द्या, छोटं द्या. मी पानं मोजली आणि इडिथ व्हॉर्टनची 'इथन फ्रोम' (1911) दिली. शंभरावर थोडी पानं, खेडं, बर्फ, एक अबोल शेतकरी, आजारी कुरकुरी बायको, घरकामाला आलेली तिची तरुण नातेवाईक. पुढच्या मीटिंगला लोक माझ्याशी धड बोलेनात. एक काका म्हणाले, "मॅडम, हलकं म्हणजे वजनाला नव्हे हो." पुस्तक अप्रतिम आहे, त्यातली फुटलेली लाल काचेची एक लोणच्याची बशी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, पण तेव्हापासून मी माणसाला आधी विचारते की सध्या मन कसं आहे. दिवस लहान, अंधार लवकर, त्यात मन आधीच खाली असेल तर 'इथन फ्रोम' नको आणि तारयेई वेसोसची 'द आइस पॅलेस' (1963) तर मुळीच नको. दोन अकरा वर्षांच्या मुली आणि गोठलेला धबधबा, आत बर्फाच्या खोल्या, एकीतून दुसरीत. पुढचं सांगत नाही. ती कादंबरी मन भक्कम असताना, एका बैठकीत वाचायची.

या पुस्तकावरून भाषांतराचं आठवलं. आपल्याकडे आभाळातून भुरभुरणारा तोही बर्फ आणि पाणी गोठून झालेला दगडासारखा तोही बर्फ. हिम शब्द आहे पण बोलताना कोण वापरतं. ज्या पुस्तकाचा सगळा जीव या दोन बर्फांच्या फरकात आहे तिथे भाषांतरकाराने काय केलंय ते चार पानं वाचून बघा, भुसभुशीत, टणक, काचेसारखा, पायाखाली करकरणारा, असे शब्द वेगवेगळे येतायत का, की सरसकट बर्फ-बर्फ-बर्फ. मराठी असो, हिंदी असो, इंग्रजी असो, भाषांतर हे लेखकाइतकंच महत्त्वाचं. पेटर होएची 'स्मिलाज फीलिंग फॉर स्नो' (डॅनिश, 1992) तर उभीच यावर आहे, ग्रीनलंडच्या आईची मुलगी, बर्फ वाचू शकणारी, गच्चीवरच्या बर्फातल्या एका लहान मुलाच्या पावलांवरून तिला कळतं की हा खेळता खेळता पडलेला नाही. पूर्वार्ध फर्स्ट क्लास. उत्तरार्धात सगळे जहाजावर जातात आणि पुस्तक साधं थ्रिलर होऊन बसतं, तिथे भराभर पानं उलटलीत तरी चालेल.

तर तुमच्यासाठी, रात्रीचा एक तास धरून. आधी मूमिन. मग इव्हान डेनिसोविच, रोज थोडं थोडं वाचलं तरी आठवडाभरात होतं, पण दोन रात्रीत संपवलंत तर दिवस एकच आहे हे जास्त जाणवतं. मग 'वे दिन'. पामुक आणि ले ग्विन पुढच्या थंडीला ठेवा किंवा सुट्टी असेल तेव्हा काढा. जाडी रशियन कुठली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, 'डॉक्टर झिवागो' असेल तर टाकून देऊ नका, हिवाळ्यात गावाबाहेरच्या घरात तो रात्री दिव्याशी लिहीत बसतो आणि बाहेर लांडगे ओरडतात ती पानं तरी वाचा, ती शेवटाकडे आहेत, आणि हो, थेट तिथे उडी मारली तर पाप लागत नाही.

आणि या सगळ्यानंतर यासुनारी कावाबाताची 'स्नो कंट्री'. ती त्याने 1935 पासून तुकड्यातुकड्याने छापली आणि पूर्ण रूपात आली 1948 मध्ये, त्यामुळे गोष्टीची घाई असेल तर चिडचिड होईल, पुढे काय झालं हे विचारायचंच नाही असं ठरवून बसा. तिच्यात तिथल्या एका कापडाचं सांगितलंय, ज्याचा धागा बर्फाच्या दिवसांत काततात, बर्फाच्या दिवसांत विणतात आणि कापड बर्फावरच पसरून उजळवतात. आणि सुरुवातीलाच टोकियोहून आलेला माणूस रेल्वेच्या डब्यात बसलाय, गाडी लांब बोगद्यातून बाहेर आली की सगळं पांढरं, आणि त्याच्या आधीच्या प्रवासात बाहेर संध्याकाळ, आत दिवे, त्यामुळे खिडकीच्या काचेचा आरसा झालाय आणि समोरच्या मुलीचा चेहरा बाहेरच्या डोंगरांवरून सरकतोय, लांबचा एक दिवा येऊन बरोबर तिच्या डोळ्यावर थांबतो. ही पानं दिवसा वाचू नका. खोलीत दिवा लावा, खिडकी बंद करा पण पडदा ओढू नका, आणि खुर्ची अशी ठेवा की काचेत तुम्ही दिसाल.